दुष्काळातली केनिया सफारी: ठाण्यातल्या एका कुटुंबाचं प्रकरण

पार्श्वभूमी

कुटुंब ठाण्यातलं, घोडबंदर रोडच्या एका मोठ्या कॉम्प्लेक्समधलं. नावं बदललीयेत आणि ओळख पटेल असे एकदोन तपशील गाळलेत. संजयराव आणि मेधाताई दोघंही नोकरी करणारे, सई कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला, ओम आठवीत, आणि संजयरावांचे वडील अण्णा, मूळचे बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातले, रिटायर झाल्यावर ठाण्याला मुलाकडे आलेले. मी नौपाड्यात एक छोटं ट्रॅव्हल ऑफिस चालवते, म्हणजे या सगळ्यात माझं कमिशन होतं, ते आधीच सांगून टाकते, पुढचं सगळं ते लक्षात ठेवूनच वाचा.

कोविडमध्ये दोन वर्षं कुठेच जाणं झालं नव्हतं, त्यामुळे २०२२ च्या जुलैमध्ये त्यांनी ठरवलं की नाताळच्या सुट्टीत केनिया करायचं. २३ डिसेंबरला मुंबईहून नैरोबी, मग अंबोसेली, लेक नाकुरू आणि शेवटी मसाई मारा, तिन्ही तिथली जंगली प्राणी बघायची राखीव जंगलं. आपल्याकडून जाणारे बहुतेक लोक हाच रूट करतात. पाच जणांचा खर्च तेरा लाखांच्या आसपास, त्यातले चाळीस टक्के अॅडव्हान्स भरून झालेले.

आता तिकडची परिस्थिती. केनियात वर्षाला दोन पावसाळे असतात, मार्च ते मे मोठा आणि ऑक्टोबर ते डिसेंबर छोटा. २०२० च्या शेवटापासून हे पावसाळे एकामागून एक कोरडे जायला लागले, ८ सप्टेंबर २०२१ ला तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी दुष्काळ ही राष्ट्रीय आपत्ती म्हणून जाहीर केली, आणि हे लोक बुकिंग करत होते तेव्हा सलग चार पावसाळे गेले होते. पाचवाही जाणार होता, ते तेव्हा कोणाला माहीत नव्हतं. चाळीस वर्षांतला सगळ्यात वाईट दुष्काळ असं म्हणत होते सगळे. बुकिंगच्या वेळी मी त्यांना सांगितलं होतं की तिकडे पाऊस कमी झालाय, आणि त्याच दमात हेही सांगितलं होतं की गवत कमी असलं की प्राणी छान दिसतात. खरंच आहे ते, आमच्या धंद्यात सगळेच सांगतात. ताडोबा मे महिन्यात का फुल्ल असतं? चंद्रपूरच्या त्या उन्हात माणसं काय हवा खायला जातात का, वाघ पाणवठ्यावर येतो म्हणून जातात.

प्रश्न उभा राहिला तो दिवस

४ नोव्हेंबर २०२२, शुक्रवार. केनियाच्या पर्यटनमंत्र्यांनी एक रिपोर्ट जाहीर केला, फेब्रुवारी ते ऑक्टोबर या काळात दुष्काळाने मेलेल्या प्राण्यांचा. २०५ हत्ती, ५१२ विल्डबीस्ट (गाईएवढं मोठं, कळपाने फिरणारं हरीण), ३८१ साधे झेब्रे, ५१ रानम्हशी, १२ जिराफ आणि ४९ ग्रेवीज झेब्रे. ही ग्रेवीज जात उत्तर केनियात असते, जगात सगळी मिळून तीनेक हजारच उरलीये. शिवाय हे फक्त सापडलेले, तरसांनी आणि इतर मांसाहारी प्राण्यांनी संपवलेले सांगाडे मोजणार कोण. सगळ्यात जास्त फटका बसलेल्या भागांमध्ये अंबोसेली होतं, म्हणजे आमच्या पहिल्या दोन रात्री.

सईने ती बातमी फॅमिली ग्रुपवर टाकली आणि रात्री साडेदहाला मेधाताईंचा मला फोन. "अगं, आपण हे असं जाणं बरोबर आहे का?" एवढंच विचारलं त्यांनी. मी म्हटलं रविवारी येते घरी, फोनवर नको.

घाईचं कारणही होतं. लॉजची कॅन्सलेशनची अट अशी की निघायच्या पंचेचाळीस दिवस आधीपर्यंत पाव रक्कम कापणार, त्यानंतर निम्मी, आणि शेवटच्या महिन्यात सगळी. पंचेचाळीस दिवस आधी म्हणजे ८ नोव्हेंबर. मंगळवारपर्यंतच वेळ होता.

रविवारची बैठक

दिवाळी होऊन दोन आठवडे झालेले, डब्यातल्या तळाच्या चकल्या समोर आल्या. मला वाटलं होतं विरोध सईचा असेल, तरुण मुलं असतात तशी. निघाला अण्णांचा, आणि हत्तींवरून नाहीच. सईने त्यांना रिपोर्टबरोबर आणखी एक फोटो दाखवला होता, मसाई लोकांच्या, म्हणजे तिथल्या गुरं पाळणाऱ्या जमातीच्या, मेलेल्या गाईंचा, रस्त्याच्या कडेला ओळीने पडलेल्या. त्या दुष्काळात केनियात चोवीस-पंचवीस लाखांच्या घरात पाळीव जनावरं मेली, आणि तेव्हाच्या अंदाजाप्रमाणे चाळीस लाखांवर माणसांना धान्याची मदत लागत होती.

अण्णा बहात्तरच्या दुष्काळात सोळा वर्षांचे होते. खडी फोडायला गेलेले, सुकडी खाल्लेली, अमेरिकेहून आलेल्या तांबड्या मिलोची, म्हणजे तिकडच्या ज्वारीची, भाकरी खाल्लेली. त्यांच्या वडिलांनी बैलजोडी बाजारात नेली तर दिवसभर कोणी दात बघायलासुद्धा आलं नाही, संध्याकाळी परत घेऊन आले, आणि परत आणली ती कशासाठी हे सगळ्यांना माहीत होतं. हे त्यांनी सांगितलं ते अगदी बाजारभाव सांगावा तसं. मग म्हणाले, "माणसं पाण्याला महाग झालीत आणि आपण तिथं दुर्बीण घेऊन जायचं? आमच्या गावात तेव्हा कोणी मोटार घेऊन हरणं बघाया आलं असतं तर दगडच घातला असता आम्ही."

सई म्हणाली, "अण्णा, आपण नाही गेलो तर तिथल्या गाईला चारा मिळणारे का?"

"आन् गेलो तर मिळतो का, ते सांग."

यावर कोणाकडेच उत्तर नव्हतं. माझ्याकडेही. पर्यटनाने स्थानिकांना रोजगार मिळतो वगैरे मी बोलू शकले असते, ब्रोशरमध्ये असतंच ते, पण अण्णांनी विचारलं होतं नेमकं, आणि नेमकं उत्तर द्यायचं तर आमचा रुपया कुठून कुठे जातो ते आधी बघायला लागणार होतं.

संजयरावांचं म्हणणं वेगळं. ते म्हणाले आपण इथे कॉम्प्लेक्समध्ये काय करतो? एप्रिल-मेमध्ये रोज टँकर येतात, टँकरच्या पाण्यावर स्विमिंग पूल चालू असतो, तेव्हा कोणी नैतिकतेची मीटिंग लावत नाही. मेधाताईंनी त्यात भर घातली की दर उन्हाळ्यात ऑफिसची पिकनिक शहापूरकडे जाते, रेन डान्स असतो, आणि भातसा, तानसा, वैतरणा सगळी धरणं त्याच तालुक्यात असून आजूबाजूच्या पाड्यांवर टँकर जातो. धरण उशाला आणि कोरड घशाला. मुद्दा टाळायला बोलत होते का ते? थोडंसं, हो. पण मुद्दा खोटा नव्हता.

पर्याय

चार होते, आणि खरं सांगायचं तर दोन तिथल्या तिथेच गळले.

सगळं रद्द करून तेवढे पैसे मदतनिधीला द्यायचे, हा ऐकायला सगळ्यात सरळ. पण तेरा लाख हातात नव्हतेच, भरलेल्यातून जे परत आलं असतं ते विमानाचं धरून साधारण साडेतीन लाख. मेधाताई अकाउंट्समध्ये आहेत, त्यांनी सरळ विचारलं, "यातले आपण खरंच किती देऊ? मनावर हात ठेवून सांगा." संजयराव म्हणाले पन्नास हजार. सई म्हणाली एक लाख. ओम म्हणाला सगळे, पण त्याला ईएमआय माहीत नाही. म्हणजे 'रद्द करून दान' या पर्यायात दान किती ते घरच्यांनाच माहीत नव्हतं, आणि मला वाटतं बऱ्याच घरांत हे असंच होत असणार, रद्द केल्याचं समाधान लगेच मिळतं आणि दान राहून जातं.

पुढच्या वर्षावर ढकलणं, हा दुसरा. सई नोकरीला लागणार, अण्णांचे गुडघे, त्यामुळे पुढचं वर्ष म्हणजे बहुतेक कधीच नाही.

तिसरा पर्याय, अंबोसेली काढून टाकायचं आणि ते दोन दिवस मसाई माऱ्यात वाढवायचे. माऱ्याला झळ तुलनेने कमी होती. हा पर्याय आमच्या लाईनीतले सगळे तेव्हा सुचवत होते, सांगाडे दिसत नाहीत, क्लायंट खूश. मला मात्र यात काहीतरी चुकतंय असं वाटत होतं आणि ते बोलून दाखवलं अण्णांनीच: "म्हणजे जिथं दुष्काळ नाही तिथं पैसा न्यायचा, आन् जिथं आहे तिथं तोंड फिरवायचं?" जायलाच विरोध करणारा माणूस हे बोलतो म्हटल्यावर चर्चा जरा वळली.

चौथा, जायचं, अंबोसेली ठेवायचं, पण राहायची जागा आणि दिवसभर काय करायचं ते बदलायचं. त्यासाठी माहिती हवी होती, आणि मंगळवार परवावर.

पैसा कुठे जातो ते बघितलं

त्या रात्री आणि सोमवारी मी हेच केलं. तीन कप्पे आहेत आणि ते एकसारखे नाहीत. अंबोसेली पार्कची फी तेव्हा परदेशी माणसाला दिवसाला ६० डॉलर, तेव्हाच्या भावाने पाच हजाराच्या आसपास, आणि ती जाते केनिया वाइल्डलाइफ सर्व्हिस या सरकारी संस्थेकडे, म्हणजे नैरोबीला. त्यातून रेंजरचे पगार, गाड्या, दुष्काळात पाणी पोचवायचे टँकर हे निघतं, कोविडमध्ये पर्यटन थांबल्यावर या संस्थेचं कंबरडं मोडलं होतं, पण पार्कबाहेर ज्याची गाय मेली त्याच्या हातात यातलं काही थेट पडत नाही. मसाई माराची फी नारोक काउंटीकडे, म्हणजे तिथल्या स्थानिक सरकारकडे. आणि तिसरा कप्पा म्हणजे कॉन्झर्व्हन्सी, मसाई लोकांच्याच मालकीच्या जमिनी, ज्या कॅम्पवाले भाड्याने घेतात आणि दर महिन्याला जमीनमालकाला भाडं देतात, बहुतेक वेळा थेट बँकेत किंवा मोबाइलवर. पाऊस पडो न पडो, भाडं येतं. दुष्काळात गुरं मेल्यावर अशा घरात तेवढाच एक आकडा महिन्याला हलत असतो. अर्थात पर्यटक येत असतील तर, २०२० मध्ये माऱ्याकडच्या बऱ्याच ठिकाणी हे भाडंही कमी करावं लागलं होतं.

म्हणजे अण्णांच्या प्रश्नाचं उत्तर निघत होतं. मोठ्या लॉजवर राहून गेलं तर चारा मिळत नाही. कॉन्झर्व्हन्सीतल्या कॅम्पवर राहून गेलं तर काही घरांना काही मिळतं. 'काही' हा शब्द मी त्यांना मुद्दाम दोनदा म्हणून दाखवला.

पाण्याचे प्रश्न आणि तीन उत्तरं

पैशापेक्षा पाणी जास्त अवघड. अंबोसेलीची गंमत अशी की पाऊस नसला तरी तिथल्या दलदली ओल्या असतात, जवळच्या किलिमांजारो पर्वतावर पडलेलं पाणी जमिनीखालून झिरपत येऊन तिथे वर निघतं. म्हणून सगळा मुलूख तिथे गोळा होतो, हत्ती, झेब्रे, आणि पार्कबाहेरून मसाईंची गुरंही. प्रश्न पाण्याचा असतोच पण त्याहून गवताचा. पाण्याच्या आसपासचं गवत आधी संपतं, मग प्यायला इथे आणि खायला दहा-पंधरा किलोमीटर लांब अशी रोजची पायपीट, त्यात विल्डबीस्ट, झेब्रे, रानम्हशी आधी पडतात, हत्तींमध्ये पिल्लं आणि म्हाताऱ्या माद्या. जिराफाला झाडाचा पाला मिळतो म्हणून तो टिकतो थोडा. सिंहाची मात्र चंगळ.

आणि लॉजचं पाणी? बोअरवेलचं. मग ती बोअर कोणाच्या वाटणीचं पाणी ओढते?

मी तीन ठिकाणी एकच मेल टाकला, पाच प्रश्न. पाणी कुठून येतं, शेजारच्या वस्तीला त्यातलं मिळतं का, स्विमिंग पूल आत्ता भरलेला आहे का, चादरी-टॉवेल रोज धुता का, स्टाफमध्ये आसपासच्या गावचे किती. आमचं बुकिंग जिथे होतं त्या मोठ्या लॉजचं उत्तर दोन तासांत आलं, फार छान भाषेत: काळजी नसावी, आमच्या पाहुण्यांना पाण्याची कसलीही कमतरता भासणार नाही. पाचातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर नाही. एका ठिकाणाहून काहीच आलं नाही. आणि तिसरा, पार्कच्या बाहेर कॉन्झर्व्हन्सीच्या जमिनीवरचा तंबूंचा छोटा कॅम्प, त्यांच्या मॅनेजरने सोमवारी संध्याकाळी लांबलचक आणि थोडं वैतागलेलं उत्तर पाठवलं. बोअर एकच आहे, सकाळी गुरांच्या हौदाला पाणी सोडतो, तेव्हा कॅम्पला मिळत नाही. पूल नाही. आंघोळीला माणशी एक बादली गरम पाणी, आधी सांगायचं. चादरी तीन रात्रींनी. स्टाफ बहुतेक इथलाच, दोघं सुट्टीवर आहेत कारण घरची गुरं घेऊन लांब गेलेत. आणि शेवटी, तुमच्या पाहुण्यांना हे चालणार नसेल तर आत्ताच सांगा, आल्यावर तक्रार नको.

हा मेल मी तसाच्या तसा मराठीत वाचून दाखवला. युरोपातले पाहुणे बादलीच्या आंघोळीचं कौतुक करतात, टूरच्या जाहिरातीत 'बकेट शॉवर' असं ठसठशीत लिहिलेलं असतं. अण्णा म्हणाले, "मग रोज आपण काय हौदात डुंबतो का?" संजयरावांना पूल जाणार याचं वाईट वाटलं आणि त्यांनी ते लपवलं नाही, तेरा लाखांत बादली, असं दोनदा म्हणाले.

ठरलं ते

सोमवारी रात्री फोनवर ठरलं. अंबोसेलीच्या दोन रात्री त्या छोट्या कॅम्पवर. माऱ्यात पण रिझर्व्हमधलं लॉज सोडून कॉन्झर्व्हन्सीतला कॅम्प, तो महाग होता, म्हणून एक रात्र कमी केली. पहिल्या लॉजने पाव रक्कम कापली आणि उरलेल्याची क्रेडिट नोट दिली, रोख नाही. अण्णा येणार की नाही हे चार दिवस लटकत राहिलं. यलो फीवरची लस निघायच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, आणि साठीच्या पुढच्यांना ती देताना डॉक्टर विचार करतात, तर अण्णांना मी म्हटलं तुम्हाला नाही यायचं तर ही चांगली सबब आहे. त्यांनी डॉक्टरांकडून नीट तपासून घेतलं आणि लस टोचून आले. का, ते सांगितलं नाही.

एक गोष्ट सुटलीच नाही. सईने विचारलेलं की दुष्काळ हवामान बदलामुळे असेल तर आपण साडेचार हजार किलोमीटर विमान उडवत तोच दुष्काळ बघायला जातोय, त्याचं काय? २०२३ च्या एप्रिलमध्ये शास्त्रज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने सांगितलंच की माणसाने केलेल्या तापमानवाढीमुळे असा दुष्काळ यायची शक्यता किमान शंभर पटींनी वाढलीये. म्हणजे पोरीचा प्रश्न बरोबर होता. झाडं लावायचे पैसे भरून हा हिशोब मिटतो असं मला वाटत नाही, म्हणून तसलं काही मी त्यांना विकलंही नाही.

तिथे गेल्यावर

छोटा पाऊस नावालाच झाला होता. मेधाताईंनी पहिल्या दिवशी व्हॉइस नोट पाठवली, समोर किलिमांजारो एकदम स्वच्छ दिसतोय, आणि वाऱ्याची झुळूक आली की वास येतो. रस्त्याच्या कडेला झेब्रे, कातडं हाडांना चिकटलेलं, काही बसलेले, आणि ते उठणार आहेत की नाही ते कळत नव्हतं.

ड्रायव्हर-गाईडला मी आधी दोन गोष्टी सांगून ठेवल्या होत्या. पाण्याच्या वाटेवर गाडी लावायची नाही आणि इतर गाड्यांची गर्दी दिसली की पुढे जायचं. दुष्काळात प्राण्याला पाण्यापर्यंत यायला जी ताकद लागते ती मोजकी असते, पाच गाड्या आडव्या असल्या की तो परत फिरतो, आणि परत यायला त्याच्यात जीव उरेलच असं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सिंहांचा कळप म्हशीवर होता, तिथे आठ-दहा गाड्या, आणि आमची गाडी लांबूनच वळली. ओम रडला. संजयराव चिडले, एवढं येऊन हे पण नाही? गाईड बिचारा मध्ये. शेवटी मेधाताईंनी सांगितलं की ठरलंय ते ठरलंय. हा सौदा घरी बसून करणं सोपं, समोर सिंह असताना जड जातं, आणि आठवीतल्या मुलाला तो आधी कोणी समजावून सांगितलाच नव्हता.

दुपारी कॅम्पजवळ हौदावर गुरं आली. मॅनेजरने मेलमध्ये लिहिलेला तोच हौद. अण्णा तिथे जाऊन उभे राहिले. गाईडने आधी बजावलं की गुरं किती आहेत असं विचारू नका, इथे ते बरं दिसत नाही. अण्णा म्हणाले आमच्यात तरी कोण सांगतो. मग त्यांनी एका गाईच्या पाठीवरून हात फिरवला, कण्याचे मणके मोजता येत होते, तिचं तोंड उघडून बघितलं, आणि गाईडमार्फत विचारलं चारा कुठून आणता. गवताचे गठ्ठे विकत, लांबून, ट्रकने, आणि भाव इतका की एक गाय वाचवायला दुसरी विकायची, पण विकत घेतंय कोण. अर्धा तास चाललं होतं त्यांचं. अण्णांनी खिशातून नोटा काढल्या तेव्हा गाईडने हळूच थांबवलं, हौदावर अजून पाच-सहा जण आहेत, एकाला दिलं की उरलेल्यांचं काय, आणि उद्या येणाऱ्या गाडीपुढे पोरं हात पसरतील. कॅम्पच्या मॅनेजरकडे चाऱ्याचा एक सामायिक फंड होता, त्यात अण्णांनी पैसे टाकले. किती, ते मला माहीत नाही, घरच्यांनाही सांगितलं नाही म्हणे.

त्याच संध्याकाळी पंप बिघडला. बादली पण नाही. संजयरावांनी मला मेसेज केला, फक्त अंगठा, पण खाली वळवलेला.

मग नाकुरू, आणि तिथे उलटंच. रिफ्ट व्हॅली या लांबच लांब दरीतल्या तळ्यांचं पाणी २०१० नंतर वाढत गेलंय, नाकुरूमध्ये जुनं गेट पाण्याखाली गेलं, काठाची झाडं पाण्यात उभी राहून वाळलीयेत. आदल्या दिवशी धुळीत बसलेले झेब्रे आणि इथे बुडालेला रस्ता, एकाच देशात, काही तासांच्या अंतरावर. ओमने विचारलं की मग इथलं पाणी तिकडे का नेत नाहीत. गाईड हसला. अण्णांनी सांगितलं, लातूरला रेल्वेने नेलं होतं मिरजेहून, २०१६ ला, पण तेवढ्याने गुरं जगत नाहीत.

निकाल

कोणाचं भलं झालं? कॅम्पला दोन रात्रींचे पैसे मिळाले, जमीनमालकांना भाड्यातला वाटा, चाऱ्याच्या फंडात थोडी भर. प्राण्यांना यातून थेट काही नाही, आमच्या गाड्या आडव्या नव्हत्या एवढंच. घरच्यांनी ठरवलेली देणगी पण झाली, चाळीस हजार, एका दुष्काळ मदतनिधीला, मार्च एंडच्या आधी, आणि ती झाली कारण मेधाताईंनी तिकिटांबरोबरच ती रक्कम बाजूला काढून ठेवली होती.

घरात मात्र सगळं गोड झालं नाही. सईने मेलेल्या हत्तीच्या पिल्लाचा फोटो इन्स्टावर टाकला, खाली दुष्काळाची माहिती लिहून, आणि मेधाताईंचं म्हणणं की तो काढ, ते आपल्या सुट्टीचं प्रदर्शन वाटतं. दोघींचं पटलं नाही, फोटो अजून आहे. संजयराव आजही म्हणतात की अर्धी ट्रिप अपराधी वाटण्यात गेली, आणि मला ते अगदीच चूक वाटत नाही. पैसे मोजून गेलेल्या माणसाला आनंद व्हायलाच नको असं म्हटलं तर पुढच्या वेळी तो दुबईला जाईल, आणि मग अंबोसेलीच्या हौदाला काय मिळणार.

वेगळं काय करता आलं असतं

पाण्याचे पाच प्रश्न बुकिंगच्या आधी विचारायचे, अॅडव्हान्स भरल्यावर नाही. त्या पाव रकमेची फोडणी बसली नसती. आता मी ते फॉर्ममध्येच टाकलेत आणि उत्तर टाळणारी जागा लिस्टमधून जाते, भले कमिशन चांगलं असो. मुलांशी बोलणं वेगळं, सिंहांजवळ थांबणार नाही हे ओमला ठाण्यातच कळायला हवं होतं. आणि तारीख पुढे ढकलायची मुभा करारात मागायची, गर्दीच्या सीझनला ती सहज मिळत नाही, पण मागितल्याशिवाय तर नाहीच.

एक इशारा पण देते, हा फॉर्म सगळीकडे चालत नाही. २०२४ मध्ये एल निनोमुळे आफ्रिकेच्या दक्षिणेत दुष्काळ पडला, झांबियाने फेब्रुवारीत राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली, झिंबाब्वेने एप्रिलमध्ये, आणि नामिबियाने तर ऑगस्टमध्ये ७२३ जंगली प्राणी मारून मांस लोकांना वाटायचं ठरवलं, त्यात ८३ हत्ती. तेव्हा माझ्याकडे झांबिया-झिंबाब्वेच्या सीमेवरच्या व्हिक्टोरिया फॉल्सची चौकशी आलेली. तिथे प्रश्न पाण्याबरोबर विजेचा होता, वीज बनवणारं करीबा धरण तळाला गेल्यामुळे झांबियात दिवसातले कितीतरी तास लाइट नाही, आणि हॉटेलं डिझेलवर चालू. माझ्या पाच प्रश्नांत विजेचा एकही नव्हता. सहावा वाढवला.

शहापूरकडच्या दोन रिसॉर्टनाही मी तो फॉर्म पाठवला, मे महिन्यातल्या कॉर्पोरेट ग्रुपसाठी. एकाने फोन करून विचारलं मॅडम तुम्ही पंचायतीकडून आहात का. दुसऱ्याने सांगितलं रेन डान्सचं पाणी टाकीतून फिरवून वापरतो, बोअर पाड्याच्या विहिरीपासून लांब आहे, येऊन बघा. गेले बघायला. लांब म्हणजे साधारण दोनशे पावलं, विहिरीत तळाला थोडं पाणी, आणि रांगेत हंडे. त्या ग्रुपला मी जूनची तारीख दिली, त्यांनी दुसऱ्या एजंटकडून मेचंच केलं.

आणि ती क्रेडिट नोट २०२३ च्या ऑगस्टमध्ये खारघरच्या एका कुटुंबाने वापरली. मार्चपासून पाऊस झाला होता, सगळं हिरवं, लॉजचा पूल भरलेला. पाण्याचे पाच प्रश्न मी परत पाठवले होते. उत्तर तेच आलं, शब्दन् शब्द तेच.